जोसेफसन जंक्शनमधला प्रवाह चुंबकीय क्षेत्राने कसा बदलतो: हिशेब, आलेख आणि द्रव नायट्रोजनमधला प्रयोग

‘सुपरकंडक्टरजवळ चुंबक आणला की सुपरकंडक्टिव्हिटी नष्ट होते, म्हणून प्रवाह घटतो.’ जोसेफसन जंक्शनमधला प्रवाह चुंबकीय क्षेत्राने का घटतो, असं एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत विचारलं की हे उत्तर हमखास येतं. मोठ्या क्षेत्रापुरतं ते बरोबरही आहे. पण द्रव हीलियममध्ये, म्हणजे ४.२ केल्व्हिनला, नायोबियम या धातूची सुपरकंडक्टिव्हिटी, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून न्यायचा गुण, घालवायला शेकडो मिलिटेस्ला लागतात. त्याच नायोबियमच्या दोन थरांमध्ये ऑक्साइडचा पातळ थर ठेवून केलेलं जंक्शन मात्र जेमतेम एका मिलिटेस्लाला प्रवाह शून्यावर आणतं. गंमत पुढे आहे. क्षेत्र आणखी थोडं वाढवलं की प्रवाह परत वर येतो. सुपरकंडक्टिव्हिटी मेली असती, तर क्षेत्र वाढवल्यावर ती पुन्हा उठून बसली नसती.

हा लेख सोलापुरात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांसाठी आहे. इथे हीलियमचा क्रायोस्टॅट, म्हणजे नमुना अतिथंड ठेवणारं उपकरण, हाताशी नसतो, म्हणून हा विषय बऱ्याचदा दोन सूत्रं आणि एक आकृती यांवर उरकला जातो. तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. हिशेब वहीवर होतो, आलेख कॉलेजच्या कुठल्याही संगणकावर निघतो आणि द्रव नायट्रोजन मिळाला तर एक खराखुरा प्रयोगही टेबलावर मांडता येतो. त्याच क्रमाने जाऊ.

आधी कल्पना पक्की करा

दोन सुपरकंडक्टरांच्या मध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असला, तरी त्यातून व्होल्टेज न लावता प्रवाह जाऊ शकतो, हे ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये केंब्रिजला विद्यार्थी असताना मांडलं. सुपरकंडक्टरमधल्या सगळ्या इलेक्ट्रॉन-जोड्यांची मिळून एकच लहर असते आणि त्या लहरीला फेज असते, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते. जंक्शनमधला प्रवाह दोन्ही बाजूंच्या फेजमधल्या फरकावर ठरतो: प्रवाह = कमाल प्रवाह × साइन (फेजचा फरक). या कमाल प्रवाहालाच क्रिटिकल करंट म्हणतात. त्याच्यापुढे गेलं की जंक्शनवर व्होल्टेज दिसू लागतं.

आता यात चुंबकीय क्षेत्र आणा. क्षेत्र जंक्शनच्या प्रतलाला समांतर असेल, तर ते ऑक्साइडच्या थरात शिरतं आणि दोन्ही धातूंमध्येही थोड्या खोलीपर्यंत जातं. परिणाम असा, की जंक्शनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेजचा फरक एकसारखा राहत नाही. तो हळूहळू पिळत जातो. कुठे साइन धन, कुठे ऋण. म्हणजे जंक्शनच्या काही भागातून प्रवाह पुढे जातो आणि काही भागातून मागे येतो. बाहेरच्या मीटरला दिसते ती फक्त बेरीज.

आपल्याकडच्या मिरवणुकीतलं लेझीम पथक आठवा. रस्ताभर आडवी रांग, सगळे एका ठेक्यात, तर पूर्ण रांग एकदम पुढे झेपावते. आता प्रत्येक गडी शेजारच्यापेक्षा जरासा उशिरा पाऊल टाकतोय, आणि रांगेतला शेवटचा गडी पहिल्यापेक्षा बरोबर एक आवर्तन मागे आहे, असं समजा. कुठल्याही क्षणी जितके पुढे, तितकेच मागे. एकही गडी थांबलेला नाही, दमलेला नाही, तरी रांगेची चाल शून्य. जंक्शनमध्ये एक मिलिटेस्लाला नेमकं हेच घडतं. क्षेत्राने प्रवाहाला अडवलेलं नसतं, त्याला आपसात वजा केलेलं असतं.

१९६३ मध्ये बेल लॅबमध्ये अँडरसन आणि रॉवेल यांनी हा प्रवाह पहिल्यांदा ठामपणे दाखवला, तेव्हा त्यांचा भरवसा याच गोष्टीवर होता. पातळ थरात कुठे बारीक भोक पडून दोन धातू एकमेकांना टेकले, तरीही व्होल्टेजशिवाय प्रवाह वाहतो. मग ते शॉर्ट आहे की जोसेफसनचा प्रवाह, हे ओळखायचं कसं? शॉर्टला थोड्याशा क्षेत्राची फिकीर नसते, जोसेफसनच्या प्रवाहाला असते. आजही एखादं नवं जंक्शन खरं आहे का, हे तपासताना क्षेत्र लावून आलेख काढणं ही पहिली परीक्षा मानली जाते.

पायरी १: क्षेत्रफळ काढा

या विषयात चुका होतात त्या बहुतेक इथेच, म्हणून इथे सावकाश जा.

फेज किती पिळली जाते हे क्षेत्रावर नव्हे, तर जंक्शनमधून जाणाऱ्या एकूण फ्लक्सवर, म्हणजे क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ यावर, ठरतं. एक पूर्ण पीळ पडायला जेवढा फ्लक्स लागतो, त्याला फ्लक्स क्वांटम म्हणतात: प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या प्रभाराची दुप्पट. पुस्तकात तो वेबरमध्ये, दहाच्या उणे पंधराव्या घातासह दिलेला असतो, आणि तिथेच विद्यार्थ्याचं बोट कॅल्क्युलेटरवर घसरतं. मी सांगतो ते एकक वापरा. फ्लक्स क्वांटम म्हणजे २.०७ मिलिटेस्ला × चौरस मायक्रोमीटर. म्हणजे एक चौरस मायक्रोमीटरच्या खिडकीतून २.०७ मिलिटेस्ला गेलं की एक क्वांटम झाला. पुढचा हिशेब तोंडी होतो.

आता खिडकी किती मोठी? क्षेत्र आडवं आहे, त्यामुळे वरून दिसणारं जंक्शनचं क्षेत्रफळ इथे घ्यायचं नाही. खिडकीची एक बाजू म्हणजे क्षेत्राला काटकोनात असलेली जंक्शनची रुंदी. दुसरी बाजू म्हणजे परिणामी जाडी: ऑक्साइडची जाडी अधिक दोन्ही धातूंमधली क्षेत्राची शिरकाव-खोली, जिला लंडन खोली म्हणतात. नायोबियमच्या पातळ थरात ती सुमारे ९० नॅनोमीटर धरतात.

उदाहरण घेऊ. जंक्शन १० मायक्रोमीटर रुंद. ऑक्साइड १ नॅनोमीटर, दोन्ही बाजूंचे ९० मिळून १८०, एकूण १८१ नॅनोमीटर, म्हणजे ०.१८१ मायक्रोमीटर. खिडकी १.८१ चौरस मायक्रोमीटर. २.०७ ला १.८१ ने भागा: १.१४ मिलिटेस्ला. या क्षेत्राला प्रवाह पहिल्यांदा शून्य होईल. २.२८ ला दुसऱ्यांदा, ३.४२ ला तिसऱ्यांदा.

यात ऑक्साइडचा वाटा जवळपास नगण्य आहे, हे लक्षात घ्या. सगळा खेळ लंडन खोलीचा. धातूचे थर त्या खोलीपेक्षा पातळ असतील, तर हा साधा हिशेब चुकतो आणि दुरुस्ती करावी लागते.

सोलापुरात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे ०.०४ मिलिटेस्ला, वरच्या जंक्शनसाठी क्वांटमच्या साडेतीन टक्के. त्याने क्रिटिकल करंट फक्त ०.२ टक्क्यांनी उतरतो, मीटरला कळायचंही नाही. आता तशीच दोन जंक्शन एका सुपरकंडक्टिंग कड्यात समोरासमोर बसवा आणि कड्याचं भोक ५० बाय ५० मायक्रोमीटरचं ठेवा. खिडकी एकदम २५०० चौरस मायक्रोमीटर झाली. एका क्वांटमला लागणारं क्षेत्र ०.८३ मायक्रोटेस्ला. पृथ्वीच्या क्षेत्राला काटकोनात धरलं तर त्या भोकातून अठ्ठेचाळीस क्वांटम जातात. हेच स्क्विड. १९६४ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा बनलं, आणि मेंदूतून येणारी टेस्लाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही बारीक क्षेत्रं मोजायला आज तेच वापरतात. जंक्शन तेच, पदार्थ तोच, फरक खिडकीचा.

आणखी एक सापळा. क्षेत्र थराला समांतर न राहता थोडं जरी लंबरूप झालं, तरी पातळ थर ते अंगावर घेऊन कडेला ढकलतो आणि जंक्शनपाशी क्षेत्र दाटतं. त्यामुळे नमुना एक-दोन अंशांनी कलला तरी आकडे बिघडू शकतात. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच प्रतलात शेजारी-शेजारी असतील, क्षेत्र लंब असेल आणि थर लंडन खोलीपेक्षा पातळ असेल, तर हिशेबच वेगळा होतो. तिथे लंडन खोली सूत्रातून निघून जाते आणि एका पिळाला लागणारं क्षेत्र ढोबळ मानाने १.८४ × फ्लक्स क्वांटम भागिले रुंदीचा वर्ग इतकं होतं. २ मायक्रोमीटर रुंदीला हे ०.९५ मिलिटेस्ला येतं.

पायरी २: जंक्शन ‘आखूड’ आहे का ते तपासा

वरचा हिशेब एक गोष्ट गृहीत धरतो: जंक्शनमधल्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नगण्य आहे. ते खरं असण्यासाठी रुंदी ‘जोसेफसन खोली’पेक्षा कमी हवी. आपल्या उदाहरणात प्रवाहाची घनता चौरस सेंटिमीटरला १०० अँपिअर असेल, तर ही खोली ३८ मायक्रोमीटर येते. रुंदी १०, म्हणजे निश्चिंत. घनता चौपट झाली की खोली निम्मी होते. घनता शंभरपट, म्हणजे १० हजार अँपिअर, केली की ती ३.८ मायक्रोमीटरवर येते आणि तेच १० मायक्रोमीटरचं जंक्शन ‘लांब’ ठरतं. लांब जंक्शन क्षेत्राला सहज आत घेत नाही. मग फ्लक्स भोवऱ्यांच्या रूपात एकेक करून शिरतो आणि प्रवाह शून्यापर्यंत उतरतच नाही. आलेख बघण्याआधी हा एक भागाकार करून टाका.

पायरी ३: आलेख काढा

कुठलीही स्प्रेडशीट घ्या. पहिल्या रकान्यात फ्लक्स, क्वांटमच्या पटीत, उणे ४ पासून ४ पर्यंत, ०.०५ च्या टप्प्याने. दुसऱ्या रकान्यात फ्लक्सला पायने (π) गुणून रेडियन. तिसऱ्यात त्या रेडियनची साइन भागिले तेच रेडियन, आणि उत्तराचं चिन्ह काढून टाका. मधल्या शून्याच्या ओळीत भागाकार होत नाही, तिथे हाताने १ लिहा.

काही आकडे पडताळून पाहा. अर्ध्या क्वांटमला ०.६३७ यायला हवं. १, २, ३ ला शून्य. १.४३ च्या आसपास पुन्हा एक डोंगर, उंची ०.२१७, आणि २.४६ ला ०.१२८. हाच तो फ्रॉनहोफर नमुना. प्रकाश एका फटीतून गेल्यावर पडद्यावर जो दिसतो, त्याच गणिताचा भाऊ. फक्त प्रकाशात साइनच्या भागाकाराचा वर्ग येतो, कारण तिथे तीव्रता मोजतात, आणि इथे वर्ग येत नाही. परीक्षेत दोन्ही आकृत्या सारख्याच काढणारे पुष्कळ आहेत.

हे सूत्र जंक्शन अगदी एकसारखं असेल तरच लागू. खरं जंक्शन तसं क्वचितच असतं, म्हणून पुढचा भाग चुकवू नका. रुंदीचे १०० तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला एक वजन द्या: तिथून किती प्रवाह जाऊ शकतो. प्रत्येक तुकड्याची फेज म्हणजे २ × पाय × फ्लक्स × तुकड्याची जागा, जागा ० ते १ मध्ये. आता वजन गुणिले साइन यांची बेरीज, वजन गुणिले कोसाइन यांची बेरीज, दोन्हींचे वर्ग करून मिळवा, वर्गमूळ घ्या, सगळ्या वजनांच्या, चिन्ह काढून केलेल्या, बेरजेने भागा. सगळी वजनं सारखी ठेवली तर आधीचाच आलेख मिळायला हवा. मिळाला नाही तर स्प्रेडशीटमध्ये चूक आहे, पुढे जाऊ नका.

मग वजनं बदलून बघा. कडेच्या दहा-दहा तुकड्यांना जास्त वजन दिलं की बाजूचे डोंगर उंच होतात. फक्त दोन कडा ठेवून मध्ये शून्य केलं की डोंगर जवळपास सारख्या उंचीचे होतात आणि तुम्ही नकळत स्क्विड काढलेलं असतं. मध्ये वजन जास्त ठेवलं की बाजूचे डोंगर बसतात. आता अर्ध्या तुकड्यांना उणे वजन द्या. शून्य क्षेत्राला शिखराऐवजी दरी येईल! हे नुसतं गणित नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात वायबीसीओच्या (यिट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडच्या) स्फटिकाच्या कोपऱ्यावर शिशाचं जंक्शन बनवून ही दरी प्रत्यक्ष पाहिली गेली, आणि उच्च-तापमान सुपरकंडक्टरमधल्या लहरीचं चिन्ह दिशेनुसार बदलतं, हे सांगणारा तो मोठा पुरावा ठरला.

शेवटचा खेळ पुढच्या प्रयोगासाठी लागणार आहे. २०० वेगवेगळी जंक्शन घ्या, प्रत्येकाची खिडकी यदृच्छ, अर्ध्यापासून दुपटीपर्यंत. सगळ्यांचे आलेख एकाच क्षेत्रासाठी काढून सरासरी घ्या. दऱ्या आणि डोंगर एकमेकांत मिसळून पुसट होतात. उरतो एक उतार: आधी झपाट्याने, मग रेंगाळत.

पायरी ४: कॉइल गुंडाळा

हा उतार वायबीसीओच्या साध्या, भट्टीत भाजलेल्या टिकलीत प्रत्यक्ष मोजता येतो. वायबीसीओ ९२ केल्व्हिनच्या आसपास सुपरकंडक्टर होतं आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो, म्हणून हीलियमची गरज नाही. भाजलेली टिकली म्हणजे काही मायक्रोमीटरच्या कणांची गर्दी. दोन कण जिथे टेकतात तिथे एकेक कच्चं जोसेफसन जंक्शन असतं. कण १० मायक्रोमीटरचा आणि ७७ केल्व्हिनला परिणामी जाडी ०.६ मायक्रोमीटर धरली, तर खिडकी ६ चौरस मायक्रोमीटर, आणि २.०७ भागिले ६ म्हणजे ०.३४ मिलिटेस्ला. म्हणजे सगळा तमाशा पहिल्या दोन-तीन मिलिटेस्लात दिसणार. एवढं क्षेत्र साधी कॉइल देते.

वीजमागांच्या या शहरात मोटर रिवाइंडिंगवाला शोधावा लागत नाही. २६ गेजची एनॅमल वायर तिथे किलोवर मिळते. तुम्हाला ५० मीटरच्या आसपास लागेल. ४ सेंटिमीटर व्यासाची, १० सेंटिमीटर लांबीची नळी घ्या. पीव्हीसी नको, द्रव नायट्रोजनमध्ये ती काचेसारखी तडकते. हायलमची (बेकेलाइटच्या जातीची) नळी मागा, नाहीतर जाड पुठ्ठ्याची चालेल. दोन थरांत ४०० वेढे बसतात. कोरड्या बोटांनी, तार ताणून, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. पहिल्या थरावर सुती फीत घेतली की दुसरा थर घसरत नाही. वार्निश पातळच लावा. जाड लावलं तर गारठ्यात त्याला तडे जातात.

ही कॉइल मध्यभागी एका अँपिअरला सुमारे ४.७ मिलिटेस्ला देते. ३ मिलिटेस्लासाठी ०.६४ अँपिअर पुरे. खोलीच्या तापमानाला तिचा रोध ५ ओहमच्या आसपास भरेल, नायट्रोजनमध्ये तो एक ओहमच्या खाली जातो. म्हणून सप्लाय व्होल्टेजवर लावू नका, स्थिर प्रवाहावर लावा, नाहीतर कॉइल थंड होताच प्रवाह उसळी घेतो.

कॉइल चालते का, हे फोन सांगतो. बहुतेक फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सर असतो आणि तो मायक्रोटेस्लात वाचणारी मोफत ॲप्स मिळतात. आधी मोकळ्या मैदानात आकडा बघा, ४० च्या आसपास यायला हवा. मग लोखंडी टेबलावर, कपाटाजवळ, स्कूटरजवळ बघा. आकडा कसा नाचतो ते पाहिलं की प्रयोगाचं टेबल लाकडीच का हवं, हे वेगळं सांगावं लागत नाही. आता फोन कॉइलच्या तोंडाशी ठेवा, १० मिलिअँपिअर सोडा, बदल लिहा. २० सोडा, बदल दुप्पट व्हायला हवा. जास्त प्रवाह सोडून फोनचा सेन्सर भंडावू नका. अचूक आकड्यांसाठी हॉल प्रोबचा गॉसमीटर लागेल, तो बहुतेक पदव्युत्तर प्रयोगशाळेत असतो.

चुंबकीय मोजणीला शहराचा त्रास नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मापन थेट अलिबागला न्यावं लागलं, तिथे १९०४ पासून ते सुरू आहे. आपल्याला गाव सोडायची गरज नाही. कॉइलचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा मोठा भाग अक्षाच्या दिशेने येत नाही.

पायरी ५: टिकली, तारा आणि नायट्रोजन

टिकली स्वतः भाजायची असेल तर यिट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड, ९०० ते ९५० अंशांची भट्टी आणि नंतर ऑक्सिजनच्या झोतात सावकाश थंड करणं, असा सगळा संसार मांडावा लागतो. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हातमोजे आणि मास्कशिवाय हात लावू नका. माझ्या मते पहिल्यांदा तयार टिकलीच घ्यावी. मुद्दा जंक्शनचा आहे, भट्टीचा नाही.

टिकलीतून १ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर छेदाची, २ सेंटिमीटर लांबीची काडी कापा. पाणी न वापरता, बारीक करवतीने. पाण्याने वायबीसीओ बिघडतं. काडी जाड ठेवली तर प्रवाह पाच-दहा अँपिअरवर जातो, आणि मग तुम्ही सुपरकंडक्टर नव्हे तर जोडांची गरमी मोजत बसता.

चार तारा जोडा. टोकांना दोन प्रवाहाच्या, आत ५ मिलिमीटर अंतराने दोन व्होल्टेजच्या. सिल्व्हर पेस्ट लावा आणि नीट वाळू द्या. काडी कॉइलच्या मध्यावर आडवी बसवा, म्हणजे प्रवाह क्षेत्राला काटकोनात राहील आणि प्रवाहाच्या वाटेतल्या कणसीमांच्या, म्हणजे दोन कण टेकतात त्या जागांच्या, प्रतलात क्षेत्र पडेल. व्होल्टेजच्या तारा एकमेकींभोवती पिळा. शेजारच्या गाळ्यात माग चालू असतील, तर ५० हर्ट्झची गुणगुण याच तारांतून शिरते. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालवा. हजारपट वाढवणारा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर आणि चांगला डिजिटल मीटर एवढ्यात भागतं. मोजणीच्या वेळी नेमकी वीज गेली, तर वैतागू नका. त्याहून शांत वेळ सोलापुरात मिळायची नाही!

द्रव नायट्रोजन इथे अनोळखी नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा त्याच्याच क्रायोकॅनमध्ये ठेवतात. कॉलेजच्या नावाने गॅस पुरवठादाराकडून मागवणं सरळ. झाकण कधीही घट्ट लावू नका. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो, बंद भांडं फुटतं. बंद खोलीत तोच वायू हवेतला ऑक्सिजन हटवतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, आणि गाडीतून आणतानाही काचा खाली. चष्मा घाला. हातमोजे सैल हवेत, झटकन काढता येतील असे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना हा प्रयोग मांडू नका. थर्माकोलच्या डब्यातला नायट्रोजन बघता बघता उडतो.

पायरी ६: मोजा

लेव्हिटेशन, म्हणजे चुंबकाचं हवेत तरंगणं, दाखवायला वापरलेली टिकली असेल, तर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि चुंबक दुसऱ्या खोलीत ठेवा. नाहीतर कणांत अडकलेला फ्लक्स तुमच्या शून्य क्षेत्राला शून्य राहू देत नाही. कॉइल बंद ठेवून काडी हळूहळू नायट्रोजनमध्ये उतरवा. उकळणं शांत झालं की सुरू करा.

प्रत्येक क्षेत्राला प्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवा. व्होल्टेज ५ मायक्रोव्होल्टला पोहोचलं की तो प्रवाह क्रिटिकल करंट म्हणून लिहा. मग प्रवाहाची दिशा उलटून तेच करा. तारांच्या जोडांत तापमानातल्या फरकाने काही मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात, दोन्ही दिशांच्या व्होल्टेजची वजाबाकी करून निम्मं घेतलं की ते जातात. प्रवाह वर गेल्यावर तिथे रेंगाळू नका, लगेच खाली आणा.

क्षेत्राचे टप्पे सारखे ठेवू नका. १ मिलिटेस्लापर्यंत ०.१ च्या टप्प्याने, पुढे ३ पर्यंत पाव-पावच्या. उतार सगळा सुरुवातीलाच आहे. मग क्षेत्र उलट दिशेनेही घ्या.

चांगल्या काडीत शून्य क्षेत्राला प्रवाह एखाद्या अँपिअरच्या आसपास असेल. पहिल्या मिलिटेस्लातच तो जोरात खाली येईल आणि नंतर शेपूट रेंगाळेल. स्प्रेडशीटमधल्या २०० जंक्शनांच्या सरासरीवर तो बसवून बघा. खिडकीचं सरासरी क्षेत्रफळ कितीला बसतं, त्यावरून कणांचा आकार काढा, आणि शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली टिकलीचा कण मोजून तुलना करा. विद्यार्थ्याच्या वहीत हे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसावेत, यासाठीच तर सगळा खटाटोप.

शिखर तुमच्या हिशेबापेक्षा बोथट येईल. कारण काडीतला प्रवाहच क्षेत्र तयार करतो: १ अँपिअर, पृष्ठभाग मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरवर, म्हणजे ०.४ मिलिटेस्ला. एका पिळाला लागणाऱ्या क्षेत्राएवढंच की हे! कॉइल बंद असली तरी काडीची जंक्शनं शून्य क्षेत्रात नसतात. काडी घासून आणखी बारीक केली, की प्रवाह छेदाच्या प्रमाणात उतरतो, त्याचं क्षेत्रही उतरतं आणि शिखर टोकदार होतं. दोन जाडीच्या काड्या मोजल्या तर हे दिसून येतं.

आलेख बिघडला तर

खऱ्या एकट्या जंक्शनचा आलेख कधी हातात आला, मुंबईच्या टीआयएफआरसारख्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ठिकाणी प्रकल्पाला गेलात तर येईलही, तेव्हा काय बघायचं ते सांगून ठेवतो.

दऱ्या शून्याला टेकत नसतील तर तीन संशयित: थरात कुठेतरी शॉर्ट आहे, प्रवाह असमान आहे, किंवा जंक्शन लांब आहे. शॉर्ट असेल तर क्षेत्र कितीही वाढवा, तळाशी एक न हलणारा प्रवाह उरतो. लांब जंक्शनचा संशय पायरी २ मधल्या भागाकाराने लगेच मिटतो. उरला असमान प्रवाह, त्यासाठी स्प्रेडशीटमधली वजनं बदलत बसा. डाइन्स आणि फुल्टन यांनी १९७१ मध्ये याच आलेखावरून उलटं जाऊन जंक्शनमधली प्रवाहाची वाटणी शोधायची रीत दिली. वजनांचा खेळ म्हणजे तिचंच ओबडधोबड रूप.

दऱ्यांमधलं अंतर सारखं नसेल, तर नमुना कललेला आहे किंवा क्षेत्र वाढताना फ्लक्स आत शिरतोय. अंतर सारखं आहे पण हिशेबापेक्षा कमी आहे, तर आधी लंडन खोली तपासा, मग क्षेत्र दाटण्याचा विचार करा. मोजणीची भूल मात्र बऱ्याचदा साधी असते: एका डोंगरावर निदान दहा-पंधरा बिंदू नसतील, तर दरीचा तळ दोन बिंदूंच्या मधून निसटतो आणि दरी उथळ दिसते.

सगळा आलेख एका बाजूला सरकलेला असेल, तर बाहेरचं स्थिर क्षेत्र आहे. पृथ्वीचं असेल तर नमुना फिरवल्यावर सरकणं बदलतं. अडकलेल्या फ्लक्सचं असेल तर ते नमुन्याबरोबरच फिरतं. वायबीसीओच्या काडीत हे मुद्दाम घडवून बघता येतं. कॉइलने झेपेल तेवढं क्षेत्र न्या, किंवा चुंबक जवळ आणून दूर करा, आणि मग पुन्हा मोजा. कणांत अडकलेला फ्लक्स कणसीमांवर बाहेरच्या क्षेत्राच्या उलट दिशेने येतो, त्यामुळे क्षेत्र कमी करत येताना प्रवाह चढत्या वेळेपेक्षा जास्त भरतो आणि शिखर शून्याच्या आधीच लागतं. जाताना एक वाट, येताना दुसरी. त्यावर कॉइलचा प्रवाह शून्य करून काही फरक पडत नाही. काडी नायट्रोजनमधून बाहेर काढा, ९२ केल्व्हिनच्या वर जाऊ द्या, वरचं दव पूर्ण सुकू द्या आणि कॉइल बंद ठेवून परत उतरवा.